डबा रिकामा यायचा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली की मी मेथीची जुडी सोडून आतून बघते. फोनवर कोणी गोड बोलायला लागलं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. हा स्वभाव मला आईकडून आला आणि त्यामुळे माझं आजवर काही बिघडलेलं नाही. म्हणून आमच्या यांचा डबा रोज चाटूनपुसून घरी यायला लागला तेव्हा सुरुवातीला मला बरं वाटलं, आणि थोड्याच दिवसांत वाटलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

हे कोलशेतच्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. शेडच्या छताला लागून दोन रूळ असतात, त्यांवरून ही क्रेन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकते. वर काचेची केबिन असते आणि तिथे जायला सरळ उभी लोखंडी शिडी. खाली पत्र्याची भलीमोठी भेंडोळी पडलेली. ती एकेक करून उचलायची, माणसांच्या आणि मशीनच्या डोक्यावरून न्यायची आणि हवी तिथे अलगद ठेवायची, हे यांचं काम. ‘त्यांचा हात बसलाय’ असं सगळी शेड म्हणायची. आंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा नवरा बँकेत आहे, कोणाचा कोर्टात. मी मात्र ‘आमचे हे क्रेनवर असतात’ असं सांगताना आवाज जरा चढवायची. का नाही चढवायचा?

पाळ्या फिरत्या होत्या. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. पोटाला बिचाऱ्याला कळायचंच नाही की सकाळ कुठली आणि रात्र कुठली. नाइट करून आले की सकाळी पोटभर जेवून झोपायचे, दुपारी उठून सगळ्यांबरोबर पुन्हा जेवायचे, आणि कामावर झोप उडवायला चहा-बिस्किटं असायचीच. वर्षानुवर्षं असं चाललं आणि मग अंगाने आपला हिशेब मांडला. वजन वाढलं, त्याच्यामागून साखर वाढली. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासणीत स्पष्ट सांगितलं, की पुढच्या तपासणीपर्यंत हे दोन्ही खाली आलं नाही तर शिडी चढणं बंद. क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवतील, नट-बोल्ट मोजायला.

ते ऐकून यांच्यापेक्षा मीच जास्त हादरले. इतक्या वर्षांचा बसलेला हात, तो नट-बोल्ट मोजणार? मी ठरवलं, यांना वरच ठेवायचं.

डॉक्टरांनी काय खावं ते लिहून दिलं होतं. ओट्स, ब्राउन ब्रेड, कसलीशी परदेशी पालेभाजी. पाकिटातून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा मला संशय येतो. ज्या खाण्याला स्वतःची एवढी जाहिरात करावी लागते, त्यात काहीतरी खोट असणारच. कॅलरी कमी आणि पोट भरलेलं, एवढंच हवं होतं ना? मग त्यासाठी परदेशात जायचं काय कारण? माझ्या सासरच्या गावी, रत्नागिरीकडे, माणसं दिवसभर उन्हात राबायची आणि नाचणी, कुळीथ, पालेभाजी, ताक यांवर जगायची. एकालाही पोट सुटलेलं मी पाहिलं नाही. सासूबाईंचा शब्द होता, ‘पोटाला आधार’. ज्याने आधार मिळतो ते खाणं, बाकी सगळा टाइमपास.

मग मी पाळीप्रमाणे डबे ठरवले. फर्स्टला दुधी किसून घातलेलं थालीपीठ, तव्यावर नावापुरतं तेल, सोबत दही. सेकंडला नाचणीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ आणि डब्याचा सगळ्यांत मोठा कप्पा भरून काकडीची नाहीतर कोबीची कोशिंबीर. नाइटला जड दिलं तर वर केबिनमध्ये डोळ्यांवर झापड येणार, म्हणून कुळथाची पातळ पिठी, लसणीच्या फोडणीची, आणि तिच्यापुरता भात. भात मी पूर्ण बंद केला नाही. कोकणातल्या माणसाचा भात बंद केला तर तो घर सोडून जाईल. फक्त भाताचा डोंगर होता त्याची टेकडी केली आणि भोवती भाजीचं रान वाढवलं. मधल्या भुकेला बिस्किटांऐवजी भाजलेले चणे. नाइटवरून घरी आले की ताट नाही, वाटीभर मुगाचं गरम कढण आणि झोप.

सांगायला सोपं आहे. करायला मला महिनोन्महिने घड्याळाशी भांडावं लागलं. यांची फर्स्ट असली की माझी पहाट कधी व्हायची ते मलाच कळायचं नाही. मटकीला मोड आणायचे म्हणजे दोन दिवस आधीचा विचार. पण मी करत राहिले, कारण डबा रिकामा यायचा. अगदी कोशिंबिरीतलं पाणीसुद्धा उरलेलं नसायचं.

आणि तिथेच मला खटकलं. हे कसे जेवतात ते मला माहीत आहे. उसळीत नारळ कमी पडला तर लग्नाला पाव शतक झालं तरी तोंड वाकडं करणारा माणूस. तो बिननारळाची मटकी आणि डबाभर कोबी मुकाट्याने कसा खातो? एकदा तरी ‘अगं, हे काय गवत’ असं म्हणायला नको? मी मुद्दाम एकदा मीठ घालायचं विसरले. डबा लख्ख.

वजनकाटा आणला. दर रविवारी यांना त्यावर उभं करायची. श्वास सोडला की वजन कमी भरतं अशी यांची काहीतरी समजूत होती, त्यामुळे फुस्स करून उभे राहायचे. काटा ढिम्म हलला नाही. मग हलला, पण वरच्या बाजूला.

“बाहेर काय खाता?” मी विचारलं.

“काही नाही.”

“गेटवर वडापावची गाडी आहे.”

“असेल.”

‘असेल’? रोज तिच्यावरून जाणारा माणूस ‘असेल’ म्हणतो? मी शर्टाचे वास घेतले. खिसे उलटे केले. जेवणाच्या सुट्टीत फोन करून, आपण सहज बोलतोय असं दाखवत, पलीकडून चावण्याचा आवाज येतो का ते ऐकलं. मुलगी म्हणाली, “आई, सीसीटीव्हीच लाव ना त्यांना.” मी हसले नाही. मला तो उपाय बरा वाटला होता.

त्यातच हे डबा घासून आणायला लागले. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा पेला विसळला नाही, तो कंपनीच्या नळावर डबा घासतो? तरी एके दिवशी झाकणाच्या रबराच्या खाचेत मला कोळंबीचं शेपूट सापडलं. त्या दिवशी मी मटकी दिली होती. ते शेपूट मी एका बशीत ठेवलं आणि बशी यांच्यापुढे सरकवली.

“हे काय आहे?”

“कोळंबी वाटते.”

“वाटते ना? माझ्या मटकीत कुठून आली?”

“शेजारच्याच्या डब्यातून उडाली असेल,” असं म्हणून हे आंघोळीला निघून गेले. ताकास तूर लागू देईनात. तपासणी महिन्यावर आली होती. माझ्या मनात नाही नाही ते यायला लागलं. कोणीतरी यांना करून घालतंय, कोणीतरी बाई आहे, आणि तिचा हात सढळ आहे.

दसऱ्याला यांच्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी मशीन बंद, सगळ्यांच्या घरच्यांना आत बोलावतात. मशीनना हळदकुंकू, झेंडूची तोरणं, सगळीकडे ऑइलच्या वासात अगरबत्तीचा वास मिसळलेला. मी दरवर्षी जाते. क्रेनचा नारळ दरवर्षी हे वर केबिनमध्ये जाऊन फोडतात आणि खाली मी मान वर करून उभी असते. यंदा नारळ फोडायला दुसरा, तरुण ऑपरेटर चढला. “गुडघा दुखतोय,” हे म्हणाले. गुडघ्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेही मी मनात टिपून ठेवलं.

तेवढ्यात हाक आली, “वयनी!”

हाक मारणारे यांच्या क्रेनखालचे जुने सोबती होते. भेंडोळ्याला पट्टे बांधायचे आणि उतरलं की सोडवायचे, हे त्यांचं काम. वर यांचा हात आणि खाली त्यांचा. कोलशेतचेच मूळचे, घरची शेती आणि मिठागरं होती, आता त्या जागेवर त्यांची बिल्डिंग आहे. भाडं येतं, तरी नोकरी सोडत नाहीत. घरी बसून काय करू, म्हणतात. माणूस चांगला अंगापिंडाने भरलेला होता. यंदा बघते तर गाल बसलेले, पँट पट्ट्याने आवळून धरलेली, आणि चेहऱ्यावर तरतरी.

“वयनी, देव तुमचा भला करो,” त्यांनी हात जोडले. “तुमच्या पिठीनं माजी साखर उतरली. डॉक्टर बोल्ला, काय खातंस रं? मी बोल्लो, वयनीचा डबा.”

मागून आणखी एक जण म्हणाला, “नाचणीची भाकरी माझी असते हां वहिनी.” तिसऱ्याला थालीपीठ आवडायचं. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं म्हणतात. इथे एकच बोका नव्हता, अख्खी पंगत बोक्यांची होती.

मग मला त्यांची रीत कळली. जेवायला सगळे गोल बसतात आणि डबे मधे ठेवतात. आपला डबा आपण उघडायचा नाही, दुसऱ्याने उघडायचा, आणि आपल्या डब्यातलं आपण घ्यायचं नाही. फार पूर्वी त्यांच्यातल्या एकाची बायको वारली. त्याच्या डब्यात कधी नुसता पाव असायचा, कधी तोही नसायचा. तो दूर जाऊन बसायला लागला, तेव्हा ही रीत पडली. कोणाच्या डब्यात काय आहे आणि काय नाही, याची चौकशीच नको. तो माणूस रिटायर होऊन गेला, रीत राहिली. ऐकताना मला त्या सगळ्यांबद्दल फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी माझी महिनोन्महिन्यांची मटकी डोळ्यांपुढून गेली.

“पण मग यांना पथ्याचं कसं मिळणार?” मी म्हटलं. “यांची तपासणी आहे.”

“तेच तर!” ते सोबती म्हणाले. “आमी सगल्यांनी याला सांगतला, तुला माफ, तुजा डबा तू खा. आयकतच नाय. सरल माज्या डब्यातला आपल्या झाकनावर वाढून घेतो. कोलंबी असली का पयला हाच.”

मी यांच्याकडे बघितलं. हे मशीनवरचं तोरण नीट करत होते. ते तोरण नीटच होतं.

बाहेर पडल्यावर मी स्टेशनकडे न वळता खाडीकडे वळले. हे मुकाट्याने मागून आले. विसर्जन घाटाच्या पायऱ्यांवर दुपारचं कोणी नव्हतं. मी बसले आणि म्हटलं, “आता बोला. सगळे सांगत होते आपला डबा खा म्हणून. मुद्दाम नाही खाल्लात. का?”

हे एक पायरी खाली, पाण्याकडे तोंड करून बसले. ओहोटी होती, चिखलच जास्त दिसत होता.

“मला खाली यायचंय,” हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग यांनी सांगितलं. पावसाळ्याच्या आधी एकदा वर केबिनमध्ये यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हुकाला भेंडोळं लटकत होतं. क्रेन फिरवायचा दांडा हातात होता, पण तो कुठल्या बाजूला ओढायचा तेच काही क्षण आठवेना. खाली हे सोबती उभे होते. भेंडोळं हिसका खाऊन झुललं आणि थांबलं. कोणाला काही झालं नाही, कोणी काही विचारलं नाही. पण तेव्हापासून शिडीला हात लावला की यांचे तळवे घामाने ओले होतात.

“मग सांगायचं नाही का?”

“काय सांगू? घाबरलो म्हणून? सगळी शेड म्हणते हात बसलाय. तू बिल्डिंगभर सांगत फिरतेस.” थोडं थांबून म्हणाले, “डॉक्टरने अनफिट केलं की कोणी काही बोलत नाही. माणूस मान वर ठेवून खाली येतो.”

आता समजलं. मी यांना वर ठेवायला कुळीथ भरडत होते आणि हे खाली यायला कोळंबी खात होते. मला इतका संताप आला की रडू फुटलं. संशय घेण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. वडापावचा घेतला, बाईचा घेतला. हा माणूस घाबरला असेल, असा संशय मात्र मला एकदाही आला नाही.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, आणि रडू तिथल्या तिथे थांबलं.

“म्हणजे इतके महिने तुम्ही तसेच वर जाताय? आणि खाली ती माणसं उभी असतात?”

“जपून चालवतो.”

“अंधारी काय जपून येते? आणि ती साखरेनेच येत असेल तर तुम्ही तीच वाढवताय.”

“तपासणी होऊ दे, महिनाच राहिलाय,” असं हे पुटपुटले. एक महिना म्हणजे किती पाळ्या, किती भेंडोळी. मी उठले.

“आत्ताच्या आत्ता सांगायचं. साहेबांना नंतर. आधी जो खाली उभा राहतो त्याला. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

हे सांगतील याची मला खात्री नव्हती. परतीच्या सबंध वाटेवर मी यांच्या अर्धा पाऊल मागेच चालत होते. माणूस रिक्षाला हात करून पळेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. पण हे सरळ गेटपाशी आले. सोबती तिथेच बाकावर बसून प्रसादाचे पेढे वाटत होते. हे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि अडखळत, खाली बघत, सगळं बोलले. अंधारी आली ते, दांडा आठवला नाही ते, मुद्दाम खाल्लं ते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी यांच्याजवळ सरकले. आता हा माणूस यांची गचांडी धरणार. धरलीच तर मी काय म्हणणार होते?

“म्हाईत हाय मला,” ते म्हणाले.

“काय?” हे म्हणाले.

“तवाच समजलो. याचा हात असा हिसका मारत नाय. मंग दुसऱ्या दिसापासून मी पोरांना बोल्लो, तुमी लांब ऱ्हावा, पट्टे मी एकटाच सोडणार.”

पुढचं मीच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही स्वतः खाली उभे राहिलात? का?”

“वयनी, कोनीतरी हुभा ऱ्हायाला लागतोच ना.” त्यांनी पेढ्याचा पुडा यांच्यापुढे धरला, मग पथ्य आठवलं म्हणून मागे घेतला. “आनि खाली मी हाय म्हटल्यावर हा जपूनच आणल, येवढा मला ठाऊक व्हता.”

यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मीही पदर डोळ्यांना लावला. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग यांनी चेहरा पुसला, गेटवरच्या वॉचमनला विचारलं, साहेब आहेत का अजून, आणि साहेबांच्या केबिनकडे चालायला लागले.

सांगतील की नाही, काय सांगतील, किती लपवतील, हे बघायला मी मागून गेले नाही. बाकावर त्या सोबत्यांच्या शेजारी जागा होती, तिथे बसले.